गच्चीवरची पाने कोण काढणार?

मागच्या पावसाळ्यात माझी भाची तळेगावच्या बसथांब्यावर उतरली ती ओल्या पुस्तकांचे गाठोडे घेऊनच. ती एका शासकीय वसतिगृहात राहून शिकते. "मामा, छत गळते. खाट सरकवली तर तिथंही गळते जी," म्हणाली. शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतलेली पुस्तके आम्ही अंगणात दोरीवर वाळत घातली. तक्रारीला उत्तर मिळाले होते, निधी नाही. मी स्वतः कारकून असल्याने या दोन शब्दांमागे काय असते, ते जाणतो.

वाचकहो, नव्या इमारतीला कोनशिला असते, पाहुणे असतात. दुरुस्तीला कोण हार घालतो? २०१३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या रुसा योजनेतून विद्यापीठांना बांधकामासाठी आणि नूतनीकरणासाठी अनुदान मिळाले, पण रोजची देखभाल ज्याच्या त्याच्या पदरची. बी. कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. दरवर्षी इमारतीची किंमत वहीत कमी दाखवायची. पण घसाऱ्याची नोंद म्हणजे बाजूला ठेवलेली रोख नव्हे! त्यात एप्रिलमध्ये अंदाजपत्रक, जूनमध्ये मंजुरी, निविदा निघेपर्यंत पोळा येतो. मार्च आला की पैसे परत जाऊ नयेत म्हणून भिंतीला रंग. गळती रंगाखाली तशीच.

खरे तर सुरुवात फार स्वस्त असते. गच्चीवर कडुलिंबाची पाने साचतात, पन्हाळीचे तोंड बुजते, पाणी तुंबते. ते बारीक तड्यातून स्लॅबमधल्या सळईपर्यंत जाते. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट पोपडे धरून पडते. झाडूने होणारे काम असे लाखांवर जाते. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. नुसते छाटले की ते पुन्हा फुटते.

आपले नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चे. शंभरी ओलांडलेल्या संस्थेत जुन्या-नव्या सगळ्या वयाच्या इमारती असतात आणि सर्वांना एकच औषध चालत नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आत कोंडते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. त्याचे जतनकाम २०१५ मध्ये संपले, तेही एका मोठ्या कंपनीच्या मदतीने. टॉवरला दाता मिळतो, वसतिगृहाच्या संडासाला मिळत नाही, हे आपण ओळखून असावे.

म्हणून पालकांनी विचारावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही खर्च नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. गच्ची शेवटची केव्हा दुरुस्त झाली, देखभालीवर मागील तीन वर्षांत किती तरतूद व किती खर्च, आणि संरचनात्मक तपासणीच्या अहवालाची प्रत, एवढेच मागावे.

यंदा मे महिन्यात परीक्षा संपल्यावर भाचीने व तिच्या मैत्रिणींनी वॉर्डनबाईंकडे गच्चीची किल्ली मागितली. दोन घमेली पाने निघाली आणि पन्हाळीच्या तोंडातून एक प्लास्टिकची पिशवी. तडा मात्र तसाच आहे. त्याचा अर्ज आम्ही टाकला आहे.