डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा

पावसाळा तोंडावर आला, की भोसरी-हडपसरच्या शेडांवर आणि पेठांतल्या गोदामांवर माणसे चढलेली दिसतात. कुठे गळती बुजवायची असते, कुठे शेवाळ खरवडायचे असते, तर कुठे जुना पत्रा काढून लोखंडी रंगीत पत्रा टाकायचा असतो. आपण ज्याला नुसता ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्या जुन्या पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास अ‍ॅस्बेस्टॉस असते. हे खनिज आहे. त्याचे तंतू कापसासारखे पिंजता येतात. पण ते जळत नाहीत, कुजतही नाहीत. म्हणूनच ते पत्रे, पाइप, गॅस्केट आणि बॉयलरभोवतीच्या वेष्टनात वापरले गेले.

जे बाहेर कुजत नाही, ते फुप्फुसातही कुजत नाही. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासावाटे आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. हळूहळू फुप्फुस घट्ट, निबर होते. या विकाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होऊ शकतो. हे सारे लक्षात यायला बहुधा पंधरा-वीस, कधी चाळीस वर्षेही जातात. तोवर माणूस ते काम विसरलेला असतो.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. शाबूत पत्र्याखाली बसून दुकान चालवणाऱ्याला धोका अगदी कमी असतो, कारण तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. पत्र्याला ड्रिल लागले, ग्राइंडर फिरला, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडले, की ते सुटतात. त्यामुळे खरा धोका आहे तो रोजंदारीवरच्या फॅब्रिकेटरला, वायरमनला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला. शिवाय त्याचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बाईला.

मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तपासलेल्यांपैकी सुमारे दर पाचांत एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अशा कारखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. पण छपरावर चढणाऱ्या फॅब्रिकेटरचे नाव कोणत्या कारखान्याच्या वहीत असणार?

इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली. तरी जुन्या इमारतींत ते राहिलेच. म्हणून २००४ पासून व्यापारी इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद ठेवणे आणि ती काम करणाऱ्याला दाखवणे ही तिथे जबाबदार माणसावर कायद्याने सक्ती आहे. आपल्याकडे बंदी नाही. पत्रे आजही बनतात. पण वही ठेवायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

गाळेधारकांच्या संघाने एक साधी वही करावी. कोणत्या गाळ्यावर सिमेंटचा पत्रा आहे, केव्हा बसवला, कुठे तडा आहे, हे लिहावे आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहून घ्यावे. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसत्या नजरेने कळत नाही. प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर आहेच असे धरावे. मग ठळक पाटी लावावी: ‘अ‍ॅस्बेस्टॉस. भोक पाडू नका, कापू नका. आधी विचारा.’ मराठीत आणि हिंदीतही, कारण वर चढणारे हात बहुधा परप्रांतातले असतात. पाटी दर्शनी दारावर नको. शिडी लावतात तिथे, मीटरजवळ हवी. पीओपीच्या छतामागे पत्रा झाकला गेला असेल, तर पाटी अधिकच गरजेची. नवा भाडेकरू ‘इंटिरियर’ करायला काढतो, तेव्हा वरचा पत्रा कोणालाच आठवत नाही.

काढायचाच असेल तर पत्रा ओला करावा, बोल्ट कापून अखंड खाली उतरवावा, वरून फेकू नये. तुकडे झाडूने कोरडे झाडू नयेत. ओल्या फडक्याने टिपावेत. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. जुन्या पत्र्यावर सरळ पाय तर कधीच देऊ नये, फळी टाकावी. पत्रा फुटून खाली पडलेल्या माणसाला कर्करोगाची वाट पाहावी लागत नाही! उतरवलेला माल जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. तो राडारोड्याबरोबर नदीकाठी टाकू नये. पुणे परिसरातील धोकादायक कचऱ्याचे अधिकृत केंद्र रांजणगावला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याची चौकशी करावी.

ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे आणि ज्यांना आता जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही, त्यांनी डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. नाहीतर छातीचा फोटो पाहून क्षयाची औषधे सुरू होण्याचा संभव असतो. अ‍ॅस्बेस्टॉसिस बरा करणारे औषध नाही. मात्र बिडी-सिगारेट आजच सोडावी, कारण तंबाखूचा धूर आणि हे तंतू एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.