निर्वातातली ठिणगी

ठिणगी पडायला हवा लागते असा आपला समज असतो. मग ३६,००० किलोमीटर उंचीवर, जिथे हवाच नाही, तिथे उपग्रहाच्या सौरपंखांवर ठिणग्या का पडाव्यात?

आधी हे पाहू की तिथे विद्युतदाब वाढवायचाच कशाला. कोयनेची वीज उच्च दाबाने का आणतात, तेच कारण. दाब चौपट केला की तेवढ्याच शक्तीसाठी एक चतुर्थांश प्रवाह पुरतो आणि तारांतला उष्णतेचा व्यय सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून जुन्या २८ व्होल्टांऐवजी मोठे दळणवळण उपग्रह आता १०० व्होल्ट वापरतात.

अवकाशात हवा नसली तरी ते रिकामे नाही. तिथे विद्युतभारित कण असतात. आपल्या नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत त्यांचाही अभ्यास चालतो. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली जी वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला हलवली, ती याच संस्थेची!) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजली की वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहावर आदळतात आणि त्याचा धातूचा सांगाडा हजारो व्होल्ट ऋण होऊ शकतो. सौरघटांवरच्या काचेचे मात्र वेगळे. तिच्यावर ऊन पडत असते आणि प्रकाशविद्युत परिणामामुळे तिच्यातून इलेक्ट्रॉन निसटत राहतात, म्हणून ती तितकी ऋण होत नाही. धातू, विद्युतरोधक आणि निर्वात जिथे एकत्र येतात त्या कडेवर विद्युतक्षेत्र अतितीव्र होते. धातूतून इलेक्ट्रॉन उसळतात, तेवढा बिंदू तापून त्याची वाफ होते. ठिणगीला लागणारा वायू ठिणगीच तयार करते!

ही ठिणगी क्षणार्धात विझते. खरा धोका पुढे आहे. शेजारच्या दोन घटांमध्ये जेमतेम मिलीमीटरभर फट असते. त्यांच्यात विभवांतर जास्त असेल, तर ठिणगीच्या वाफेतून सौरघटांचाच प्रवाह वाहू लागतो. घरातली प्रत्यावर्ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ज्योतीला विझायची संधी मिळते. सौरघटांचा प्रवाह एकदिश; तो शून्यावर येतच नाही. (वाशी-नेरुळच्या गच्चीवरच्या सौरपॅनेलचे जोड प्रवाह चालू असताना ओढू नयेत, ते यासाठीच.) खालचा प्लास्टिकचा थर जळून त्याचा कोळसा होतो, कोळसा विद्युतवाहक, आणि कायमचे शॉर्ट सर्किट! अमेरिकेत बांधलेल्या टेंपो-२ उपग्रहाच्या सौरघटांच्या काही माळा १९९७ साली अशाच निकामी झाल्या. तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

उपाय साधे वाटतील. फटीत सिलिकोन रबर भरतात. घटांची मांडणी अशी करतात, की शेजाऱ्यांत विभवांतर कमी राहावे. प्रत्येक माळेला डायोड लावतात, म्हणजे बाकीच्या माळा आपला प्रवाह त्या ज्योतीत ओतत नाहीत. मला यातला तिसरा उपाय सर्वांत आवडतो. तो ठिणगी थांबवत नाही, तिचे खाद्य तोडतो. काचेवर वाहक थर देता येतो, पण तो खर्चिक.

उड्डाणापूर्वी पॅनेलचा तुकडा निर्वात टाकीत ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात, मुद्दाम ठिणग्या पाडतात आणि प्रत्येक ठिणगी विझायला किती वेळ घेते ते मोजतात.