खरवडून काढलेला उजेड

काच कापताना हातापेक्षा कानाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. कापणीची चाकी नीट फिरली तर रेशीम फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज येतो. तो मधेच तुटला, तर काच तिथूनच भलतीकडे फुटणार हे नक्की. केंटमध्ये आमच्या घराजवळच्या एका शेडमध्ये दर शनिवारी स्टेन्ड ग्लासचं काम शिकवतात. दीड वर्ष मी तिथे जाते आहे. या दीड वर्षात चर्चच्या खिडक्यांकडे बघायची माझी नजरच बदलली.

दुरून खिडकी म्हणजे एक चित्र वाटतं. प्रत्यक्षात ते तुकडे जोडण्याचं काम आहे, आणि जोडणारं असतं शिसं. शिशाच्या पट्टीला दोन्ही अंगांनी खाच असते, तिच्यात दोन काचांच्या कडा बसवायच्या. पुढचा तुकडा लागेपर्यंत आधीचे हलू नयेत म्हणून घोड्याच्या नालेचे चपटे खिळे कडेने ठोकून ठेवायचे. पट्ट्या जिथे भेटतात तिथे डाख द्यायचा. मग जवसाचं तेल आणि खडूची पूड कालवून केलेली लांबी ब्रशने प्रत्येक फटीत घासून भरायची, म्हणजे पाऊस आत येत नाही. शिसं विषारी, म्हणून हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचं नाही, हा शेडमधला पहिला नियम.

रंगकाम शिकताना मात्र मी थबकले. लोखंडाची भस्मं आणि काचेची पूड एकत्र खलून काळपट रंग करतात. तो काचेवर लेपून वाळवायचा, आणि नंतर काडीने, ताठ केसांच्या ब्रशने, बोटाने खरवडायचा. जिथून रंग जाईल तिथून उजेड येईल. मग भट्टीत 600 अंशांच्या वर भाजलं की उरलेला रंग काचेशी कायमचा एकजीव होतो. कागदावर आपण चेहरा काढतो; इथे अंधारातून चेहरा मोकळा करावा लागतो. पहिल्या दिवशी माझा हात सारखा रंग भरायलाच धावत होता.

हे शिकल्यावर मी पुन्हा टूडलीला गेले. टनब्रिजजवळचं हे छोटं गाव. तिथलं ऑल सेंट्स चर्च बाहेरून अगदी साधं, विटांच्या मनोऱ्याचं. 1963 मध्ये सारा डाव्हिग्डोर-गोल्डस्मिड ही 21 वर्षांची मुलगी राय गावाजवळच्या समुद्रात, शिडाच्या होडीच्या अपघातात बुडाली. वडील सर हेन्री ज्यू, आई रोझमेरी ख्रिस्ती. चित्रकार मार्क शागाल यांनी जेरुसलेमच्या सिनेगॉगसाठी केलेल्या खिडक्या 1961 मध्ये पॅरिसला प्रदर्शनात मांडल्या होत्या. साराला त्या फार आवडल्या होत्या. म्हणून आईवडिलांनी तिच्या आठवणीसाठी शागाल यांनाच गळ घातली. पूर्वेकडची मोठी खिडकी 1967 मध्ये बसली.

त्या खिडकीसमोर मी तासभर बसले. खालच्या भागात निळ्या लाटांमध्ये मुलगी आहे. तिच्यासाठी शोक करणारी माणसं आहेत, वर शिडी आहे, लाल घोडा आहे, क्रुसावरचा ख्रिस्त आहे. पण मला सगळ्यात जास्त बघायचा होता तो निळा. एकाच तुकड्यात तो गडद होतो, विरतो, जवळजवळ पांढरा होतो. हे साधलं फ्रान्समधल्या रँसच्या कार्यशाळेत, शार्ल मार्क या कारागिराच्या हातून. पांढऱ्या काचेवर रंगीत काचेचा पातळ पापुद्रा असलेल्या काचा ते घेत आणि तो पापुद्रा आम्लाने हवा तिथे, हवा तेवढा खाऊ देत. त्यामुळे रंग बदलला की तुकडा बदलायची गरज उरली नाही. म्हणूनच टूडलीतल्या शिशाच्या रेघा आकृतीच्या कडेकडेने मुकाट चालत नाहीत, लाटांमधून स्वतःच्या वाटेने जातात. शागाल स्वतः रँसला येऊन त्या काचांवर काळा रंग लावत, खरवडत. जवळ गेलं की ते ओरखडे दिसतात. घाईघाईने ओढल्यासारखे, जिवंत. मूळ कल्पना चित्रकाराची, पण ही खिडकी मला दोघांची वाटते. शार्ल मार्क यांचं नाव शागाल यांच्याइतकंच मोठ्याने घ्यायला हवं.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये मी लहानपणी संगमरवरावर कोरलेली, पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्यांची नावं वाचली होती. दगडावरचं नाव वाचून माणूस पुढे जातो. टूडलीत तसं पुढे जाता येत नाही. ढग आला की लाटा काळवंडतात आणि मुलगी जवळजवळ दिसेनाशी होते. ऊन आलं की पुन्हा वर येते. त्या तासाभरात असं चारदा झालं. चौथ्या वेळी मला तिच्या आईची आठवण झाली. हे किती रविवार तिने पाहिलं असेल.

ती पहिली खिडकी बघायला आलेल्या शागाल यांना चर्च इतकं भावलं, की सगळ्याच खिडक्या करायचं त्यांनी ठरवलं. एकूण 12 झाल्या. शेवटच्या 1985 मध्ये बसल्या. सर हेन्री 1976 मध्येच गेले होते, आणि 1985 च्या मार्चमध्ये, 97 व्या वर्षी, शागालही गेले.

त्या शेवटच्या खिडक्यांसाठी वेदीजवळच्या व्हिक्टोरियन काळातल्या खिडक्या काढाव्या लागल्या. त्या टाकून दिल्या नाहीत याचं मला फार बरं वाटलं. त्या आता पाद्रींचे झगे ठेवायच्या खोलीत आहेत. त्याही कुणीतरी असंच बोटं काळी करून घडवल्या असणार; काचेतल्या वस्त्रांच्या घड्यांवरची रेघन् रेघ तशीच शाबूत आहे. त्यांच्यामागे विजेचे दिवे लावलेत. तिथे ढग येत नाही.