आधी प्रत, मग जागा

वणी तालुक्यातलं राजूर म्हणजे कोळशाची खाण, चुन्याचे भट्टे आणि गावाबाहेर पडलं की कपाशी-सोयाबीनची वावरं. अशा गावात मोबाईल आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतः वावरात उभा राहून पिकाचे फोटो काढतो. अतिवृष्टीत खरडून गेलेल्या जमिनीचे फोटो, सातबारा, बँकेचे कागद, खाणीतून निवृत्त झालेल्या माणसाची भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रं, मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ, आता हयात नसलेल्या आजीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज, सगळं त्या एका फोनमध्ये असतं. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, की हे सगळं एका क्षणात जातं. म्हणून त्याचा बॅकअप घ्यायचा. आणि बॅकअप घ्यायला बसलं की घरचा कॉम्प्युटर सांगतो, जागा नाही.

ऑनलाईन का ठेवू नये, असं कुणी विचारेल. ठेवावं, पण फुकटची जागा मोजकी आहे. गुगल 15 जीबी देतं, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सामावतात. 1 जून 2021 पूर्वी साधारण दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नव्हते. आता मोजले जातात. 2024 पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच 15 जीबीत धरला जातो. ॲपल फक्त 5 जीबी फुकट देतं. आयफोनवर फोर-के दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे 170 एमबीचा होतो, म्हणजे लग्नातलं तासाभराचं चित्रीकरण 10 जीबी. हिशेब तिथेच संपतो. घरच्या डिस्कला पर्याय उरत नाही.

ती डिस्कही दिसते तेवढी मोठी नसते. लॅपटॉपवर 256 जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज 238 दाखवतं. यात फसवणूक नाही; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. त्यातून विंडोज, प्रोग्राम आणि रोजच्या फाईली वजा केल्या, की 128 जीबीच्या भरलेल्या फोनला जागा कुठून मिळणार? सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि घरातलं कुणीतरी घाईघाईने दिसेल ते फोल्डर उडवायला लागतं. खरं नुकसान इथे होतं.

माझं सांगणं एवढंच आहे, की जागा करायची ती परत मिळू शकणाऱ्या गोष्टी काढून. सिनेमा परत मिळेल, प्रोग्राम परत उतरवता येईल, विंडोजच्या तात्पुरत्या फाईली तर आपोआप पुन्हा तयार होतील. वावराचा त्या दिवशीचा फोटो आणि आजीचा आवाज परत मिळणार नाही. कुठल्याही फाईलवर डिलीट दाबण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा.

सुरुवात सोपी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे स्टोरेज उघडलं, की कशाने किती जागा खाल्ली ते कळतं. ‘टेम्पररी फाईल्स’मध्ये गेलात, की अपडेटचा उरलेला पसारा आणि कधी कधी विंडोजची आधीची आवृत्तीही सापडते, ती एकटीच कित्येक जीबींची असते. नवीन विंडोज नीट चालत असेल तर ती खुशाल काढा, फक्त मग जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. त्याच यादीत ‘डाऊनलोड्स’ हे नावही असतं. त्यावर खूण करू नका. सातबारा, गुणपत्रिका, विम्याच्या पावत्या बहुतेक घरांत तिथेच पडून असतात. शेवटी रिसायकल बिन रिकामा करा, पण आत काय आहे ते एकदा डोळ्यांखालून घालून.

आयफोनवाल्यांची जागा मात्र अनेकदा वेगळ्याच ठिकाणी अडकलेली असते. आयट्यून्सने घेतलेला बॅकअप सी ड्राइव्हवरच, वापरकर्त्याच्या नावाखालच्या ‘मोबाईलसिंक’ फोल्डरमध्ये जातो. तो सहसा दिसत नाही, कारण तिथवर जाणारे फोल्डर बहुधा लपवलेले असतात. प्रत्येक फोनचा वेगळा फोल्डर, आणि त्याचं नाव म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. त्याच फोनचा बॅकअप पुन्हा घेतला तर जुन्यातच भर पडते, पण फोन विकला, नवा आणला, तर जुन्या फोनचा फोल्डर तसाच राहतो. घरात आयफोन दोनदा बदलला असेल, तर हातात नसलेल्या फोनांचे बॅकअप डिस्कवर ठाण मांडून बसलेले असू शकतात. ते आत शिरून हाताने काढू नका; त्यातली एक फाईल हलली तरी सगळा बॅकअप निकामी होऊ शकतो. आयट्यून्समध्ये एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हायसेस असं गेलं, की फोनचं नाव आणि तारीख यांसह यादी दिसते; तिथून निवडून काढा. मनात शंका असेल तर आधी तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आयक्लाउड फोटो चालू असेल, तर ते फोटो कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्ये येतच नाहीत. बॅकअप पूर्ण झाल्याचं पाहून निर्धास्त होऊ नका. फोटो वेगळे उतरवून घ्या.

अँड्रॉइडवर काम जास्त सरळ आहे. केबल लावायची, फोनवर ‘फाईल ट्रान्सफर’ निवडायचं, आणि कॅमेऱ्याचा ‘डीसीआयएम’ व व्हॉट्सॲपचा ‘मीडिया’ हे फोल्डर उतरवायचे. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ फोल्डरात ‘सेंट’ नावाचा एक फोल्डर असतो. आपण दुसऱ्यांना पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती तिथे साठतात, म्हणजे मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरात आणि त्याचीच प्रत इथे. मूळ जागेवर असल्याची खात्री करून हा फोल्डर साफ केला, तर फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे जागा सुटते.

केबलने जोडलेल्या अँड्रॉइड फोनमधली फाईल कॉम्प्युटरवरून उडवली, तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेलीच. म्हणून ‘कट’ करून ‘पेस्ट’ करण्याची सवय सोडा, विशेषतः वीज केव्हाही जाणाऱ्या आपल्या भागात. फाईली हलवताना मधेच वीज गेली, तर काय इकडे राहिलं आणि काय तिकडे पोचलं याचा मेळ लागत नाही. कॉपी करा, दोन्हीकडची फाईलींची संख्या आणि आकार ताडून पाहा, चार-दोन व्हिडिओ उघडून बघा, आणि मगच फोनमधून काढा.

पण फोनमधून काढलंत, की कॉम्प्युटरवरची प्रत हीच एकमेव प्रत झाली. याला बॅकअप म्हणत नाहीत. ती नुसती जागेची अदलाबदल. जगभरचे छायाचित्रकार पाळतात तो नियम तीन प्रतींचा आहे: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. राजूरच्या घराला तो न परवडणारा नाही. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि अगदी मोलाचे फोटो व कागद त्या फुकटच्या 15 जीबीत. बाहेरची डिस्क घेताना ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे ना ते पाहा. जुन्या फॅट-32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाईल बसतच नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात. ती डिस्क धूळ आणि ऊन लागणार नाही अशी ठेवा. वैदर्भीय उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतलं टेबल ही तिची जागा नव्हे.

कॉम्प्युटर मंद झाला, डिस्क भरली, की ‘फॉरमॅट मारून देतो’ हा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते जागा नसण्यावर यापेक्षा वाईट उपाय दुसरा नाही. तरीही मशीन दुकानात द्यायचीच वेळ आली, तर बाहेरची डिस्क आधी भरून घ्या, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फोटो उघडतात का ते बघा, आणि डिस्क घरीच ठेवून मग मशीन द्या.