घरगुती जादू आणि डोळस मन

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर, तेरेखोलचा किल्ला उभा आहे. केरीहून तेथे जायचे तर फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. आणि बोट पलीकडे गेलेली असली की धक्क्यावर वाट पाहणे ओघानेच आले. अशा रिकाम्या वेळी कुणी खिशातून रुमाल आणि आगकाडी काढून काही करू लागला, तर भोवती पाच-दहा माणसे सहज गोळा होतात. जादूला रंगमंच लागत नाही, पेटारे लागत नाहीत. घरातल्या वस्तू, थोडा सराव आणि समोरच्या माणसाच्या मनाची पारख एवढे भांडवल पुरेसे असते.

पहिला प्रयोग त्या रुमालाचाच. ज्याची कड दुमडून शिवलेली आहे असा जाडसर रुमाल घ्यावा व त्या शिवणीच्या पोकळीत एक आगकाडी आधीच सरकवून ठेवावी. मग मित्राला दुसऱ्या काडीवर खूण करायला सांगावे. ती काडी रुमालाच्या मध्यभागी ठेवून घडी घालावी आणि घडी घालताना शिवणीतली काडी वर येईल असे पाहावे. मित्राने कापडावरूनच काडी मोडावी. कडकन आवाज होतो, सारेजण ऐकतात. रुमाल झटकला की खुणेची काडी अखंड खाली पडते! मोडली ती दुसरीच. पण स्वतःच्या बोटांची साक्ष मित्राला खोटी मानवत नाही.

दुसरा प्रयोग पाण्याचा. काचेचा पेला काठोकाठ भरावा, त्यावर पोस्टकार्ड ठेवून तळहाताने दाबून धरावे, पेला उलटा करावा आणि हात हळूच काढून घ्यावा. कार्ड पेल्याला चिकटून राहते, पाणी सांडत नाही. दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला अवघा १० ग्रॅम. उलट खालून हवा सुमारे १ किलोग्रॅमच्या जोराने कार्ड वर रेटीत असते. पहिले दोन-तीन प्रयत्न मात्र घंगाळावरच करावेत, म्हणजे गृहिणीचा रोष ओढवत नाही!

तिसरा प्रयोग आकड्यांचा. एका चिठ्ठीवर १०८९ लिहून ती आधीच कुणाच्या तरी मुठीत द्यावी. दुसऱ्याने मनात तीन अंकी संख्या धरावी. तिच्या पहिल्या व शेवटच्या अंकांत निदान दोनाचा फरक असावा. ती संख्या उलटी लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेली वजाबाकी उलटी करून तिच्यातच मिळवावी. ७४२ मधून २४७ गेले, राहिले ४९५. त्यात ५९४ मिळविले की १०८९. संख्या कोणतीही घ्या, वजाबाकीचा मधला अंक नेहमी ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ च भरते. सारे इंगित तेवढ्यातच आहे.

या तिन्ही प्रयोगांत चमत्कार हातात घडत नाही, तो पाहणाऱ्याच्या मनात घडतो. हे मर्म एका गोमंतकीयाने फार पूर्वी ओळखले होते. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. माणसाला झोपविणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून वाहते, असा त्या काळी अनेकांचा समज होता. फारियांनी तो नाकारला. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात असते, आपल्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही, असे ते सांगत. जादूगार आणि भोंदू यांच्यातली सीमारेषा नेमकी येथेच आहे.

ती रेषा पुसली गेली की काय होते, याचे उदाहरण कावीळ उतरविण्याच्या विधीत दिसते. रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस लावून ते चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते आणि 'कावीळ उतरली' असे सांगितले जाते. निरोगी माणसाने तसेच हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल! विषाणूंमुळे झालेली कावीळ पुष्कळदा विश्रांतीने आपोआप बरी होते आणि श्रेय मांत्रिकाच्या पदरात पडते. परंतु ज्याच्या पित्तनलिकेत खडा अडकला आहे किंवा यकृताला गंभीर इजा झाली आहे, त्याचे उपचाराचे मोलाचे दिवस त्या पिवळ्या पाण्याबरोबर वाहून जातात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांतून, गावांतून असे 'चमत्कार' करून दाखवीत आणि लगेच त्यांचे इंगितही उलगडून सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. हातचलाखीचे रहस्य उघड करणे ही केवळ करमणूक नव्हे, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.

म्हणून वाचकहो, येत्या सुट्टीत मुलांना हे प्रयोग अवश्य शिकवा. दोन पथ्ये मात्र पाळायला सांगा: एकच प्रयोग एकाच बैठकीत पुन्हा करू नये, आणि 'ही हातचलाखी आहे' हे शेवटी मोकळेपणाने सांगावे. ज्या मुलाने रुमालातली काडी स्वतः लपविली आहे, ते मूल उद्या कुणी पिवळे पाणी दाखविले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की विचारील, 'आधी हातांना काय लावले होते?'