मंगलमूर्तीच्या चरणांपाशी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रींची मूर्ती मखरात विराजमान होते. आपली दृष्टी आधी जाते ती त्या प्रसन्न नेत्रांकडे आणि वळलेल्या शुंडेकडे. चरणांपाशी हात जोडून बसलेल्या इवल्याशा मूषकाकडे ती सर्वांत शेवटी वळते. पेणच्या कारखान्यांत मात्र डोळ्यांच्या आखणीइतकीच निगुतीने त्या मूषकाचीही घडण होते. त्याच्यावाचून मूर्ती पुरी झाली असे भक्ताला वाटत नाही.

त्या मूषकाची आम्हांस विशेष आठवण झाली ती पेण तालुक्यातील गडब गावी, एका परिचितांच्या घरी. गणपतीसाठी ठाण्याहून आलेल्या नातीने सामानाबरोबर एक पिंजरा आणला होता. त्यात पांढराशुभ्र, तांबड्या डोळ्यांचा उंदीर! आजोबा संतापले. "आयुष्यभर ज्याच्यापायी बांध राखले, त्याला आता माझ्याच घरात पाहुणचार?" आजींनी पदर सावरीत हळूच म्हटले, "गणपती घरात बसलाय. त्याच्या वाहनाला उंबऱ्याबाहेर कसं ठेवू?"

दोघांचेही म्हणणे खरे होते. आमची संस्कृती तरी दुसरे काय सांगते? 'मूषक' हा शब्दच मुळी 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूपासून आला. पुराणातला क्रौंच नावाचा गंधर्व वामदेव ऋषींच्या शापाने मूषक झाला आणि पराशर ऋषींच्या आश्रमात त्याने अनर्थ मांडला. गजाननाने पाश टाकून त्यास आवरले, परंतु मारिले नाही. आपले वाहन केले. उपद्रवी शक्तीला वेसण घालून सेवेस लावणे, हेच त्या कथेचे मर्म.

आश्चर्य हे की, मनुष्यानेही काहीसे असेच केले आहे. जपानात १७७५ व १७८७ या वर्षी हौसेने उंदीर पाळण्याविषयीची पुस्तके निघाली होती. पुढे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळी जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा निराळ्या रंगाचे उंदीर वेगळे राखून, त्यांची वीण करून विकीत असे. नातीच्या पिंजऱ्यातला पांढरा उंदीर हा तपकिरी उंदराचा वंशज. पिढ्यान्‌पिढ्या शांत स्वभावाची निवड होत गेली आणि माणसाचा हात पाहून पळणारा जीव त्याच हातावर येऊन बसू लागला. प्रयोगशाळांत मानवाच्या औषधांसाठी प्राण वेचणारे उंदीर याच कुळातले.

त्याची बुद्धीही वाहनपदास शोभणारी आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत कोंडलेल्या सोबत्याला मोकळा उंदीर दार उघडून सोडवतो. समोर चॉकलेट ठेवले तरी बहुधा सोबत्यास सोडवून त्यालाही वाटा ठेवतो. त्याचाच एक दूरचा आफ्रिकी आप्त, मगावा नावाचा थैलीगाल उंदीर, कंबोडियात जमिनीत पुरलेले सुरुंग वासाने हुडकून काढीत असे. शंभराहून अधिक स्फोटके त्याने दाखवून दिली. २०२० साली त्याला सुवर्णपदक मिळाले; जानेवारी २०२२ मध्ये तो निवर्तला. विघ्नहर्त्याच्या वाहनाने याहून निराळे काय करावे?

आता आजोबांची बाजू. गडबचा परिसर खारेपाटाचा. खाडीचे पाणी बांधांनी थोपवून येथे भात पिकते. बांधात उंदीर-घुशींनी, चिंबोऱ्यांनी बिळे केली की उधाणाची भरती त्या वाटेने आत शिरते. बांधाला खांड पडते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात. शेतात बीळ करणारी लहान जातीची घूस भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवते. घराच्या आढ्यावर धावणारा काळा उंदीर निराळा, आणि भिंतीकडेने चुकचुकत जाणारी चिचुंद्री तर उंदीर नव्हेच; ती कीटक खाणारी. पाप एकाचे आणि शिक्षा दुसऱ्याला, असे आपल्या घरांतून पुष्कळदा घडते.

रोगाचे भयही खोटे नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि घरेच्या घरे ओस पडली. डॉ. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक, हे १८९८ साली कराचीत सिमाँ यांनी दाखविले. आजचे संकट लेप्टोचे. उंदराचे मूत्र मिसळलेल्या चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेवाटे हा रोग शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली. भातखाचरात उतरणाऱ्यांनी जखम झाकावी आणि ताप येताच डॉक्टरांकडे जावे, यात दिरंगाई नको.

सायंकाळी आरतीनंतर शेजारच्या एका वृद्धांनी सुचविले, "विसर्जनाच्या दिवशी या मूषकालाही रानात सोडा, पुण्य लागेल." आम्ही नम्रपणे नको म्हटले. हातावर वाढलेला हा जीव रानात अन्न शोधू शकणार नाही; पांढऱ्या रंगामुळे घुबडाच्या, सापाच्या नजरेस तत्काळ पडेल. त्यास सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे, मरण होय. एकदा घरी आणला की त्याचे दोन-तीन वर्षांचे आयुष्य सांभाळणे हाच धर्म. त्यास एकटेही ठेवू नये. एकाच लिंगाची जोडी ठेवावी, स्वच्छ पिंजरा, धान्य, भाजी आणि कुरतडण्यास लाकूड द्यावे, कारण त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असतात. हाताळल्यावर मुलांनी हात धुवावेत. रानटी उंदीर मात्र कोणीही पकडून पाळू नये.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी पिंजरा मखरापासून दूर, ओटीच्या कोपऱ्यात वाऱ्याच्या जागी ठेवला आणि भाताच्या कणग्यांची झाकणे घट्ट बसवली. आजींनी मोदकाचा एक कण नातीच्या हाती दिला. "मामाला दे," त्या म्हणाल्या.

कणगीचे झाकण आणि मोदकाचा कण, एकाच घरात दोन्ही! गजाननाने पाशही टाकला आणि पाठीवरही बसला. त्याच्या भक्तांनी याहून वेगळे ते काय करायचे? दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, तेव्हा आजोबा खांद्यावर कुदळ घेऊन बांधाच्या वाटेला लागले होते.