हर्णै ते गुहागर : भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने

कोकणचा किनारा प्रथमच पाहणाऱ्या प्रवाशाला रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै ते गुहागर हा मार्ग मोटारीने एका दिवसात सहज करता येतो. मात्र नकाशावरील अंतरावरून येथील वेळेचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. घाटवळणे, अरुंद रस्ते, वाटेतील खाडी आणि समुद्राची भरती-ओहोटी यांचा विचार आधी करावा लागतो.

प्रवासाचा आरंभ सकाळी हर्णै बंदरावर करावा. होड्या किनाऱ्याला लागल्या की येथे मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साहाय्याने तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुढे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव लागते. तेथून कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी गावे घेत रस्ता दाभोळला पोहोचतो.

मध्ययुगात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले. येथे वासिष्ठीची खाडी आडवी येते. पूर्वी मोटारीला चिपळूणवरून मोठा वळसा घ्यावा लागे. 2003 पासून फेरीबोट मोटारींसह प्रवाशांना पलीकडे धोपाव्याला उतरवते. तेथून अंजनवेलचा गोपाळगड पाहून सायंकाळपूर्वी गुहागर गाठता येते.

नवख्या प्रवाशाची खरी फसगत होते ती पुळणीवर. ओहोटीच्या वेळी ओली वाळू रस्त्यासारखी टणक दिसते आणि मोटार खाली नेण्याचा मोह होतो. चाके रुतली की ती काढेपर्यंत भरती येऊन ठेपते. किनाऱ्यावरील जाणती माणसे यासाठी एक सोपा हिशेब सांगतात : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. अष्टमीला 6 वाजता, चतुर्थीला 3 वाजता. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्षातील तिथी पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावी. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास ते 50 मिनिटे पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते. हा हिशेब स्थूल आहे, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांना विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

मोटार पुळणीवर न नेण्याचे दुसरेही कारण आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. ही घरटी वरून ओळखू येत नाहीत, आणि चाकाखाली वाळू दबली की आतील अंडी नष्ट होतात. वाळूत उमटलेल्या चाकोऱ्यांत अडकलेल्या पिलांना समुद्र गाठणे कठीण जाते.

या बाबतीत ग्रामपंचायतींना अल्प खर्चात बरेच करता येईल. पुळणीकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वाहनतळ ठरवावा आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला फळा लावावा. तिथीवरून वेळ काढून तो फळा रोज लिहिण्याचे काम शाळेतील विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. त्यांना गणित व भूगोलाचा प्रत्यक्ष पाठ मिळेल, आणि परक्या पाहुण्याला पाण्याच्या कडेला केव्हा थांबावे हे वेळेवर कळेल.